कनेक्शन उघडायला शिकवतो, बंद करायला कधी शिकवणार?



'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आपल्या शाळांमध्ये आता 'लाईट गेली' इतक्या सहज बोललं जातं. कुणी का म्हणून विचारत नाही. पुन्हा येईल तेव्हा येईल, असं म्हणून आपण लॅपटॉप मिटतो आणि रात्री अकरा वाजता पुन्हा उघडतो. तेव्हा गर्दी कमी असते, काम होऊन जातं.

आमच्या जव्हार-मोखाड्यात या वाक्याची किंमत जरा जास्त आहे. साखरशेत घ्या किंवा आसपासचं दुसरं कुठलं गाव घ्या, या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जातात. मुलाचं बँक खातं, जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, जे काही ऑनलाइन व्हायचं ते आईबाप गावात असेपर्यंतच उरकावं लागतं. अंगठा त्यांचा, कागद त्यांचे, ओटीपी येणार तो मोबाईलही त्यांचाच. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या बापाला 'उद्या या' म्हणणं सोपं नसतं. त्याचा उद्या भट्टीवर असतो.

स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहण्याची कारणं पुष्कळ असतात. कधी आपलंच नेटवर्क नसतं, कधी समोरचं यंत्र अपुरं असतं, कधी एकाच तासात सगळा महाराष्ट्र तिथे येऊन थडकतो. बाहेरून पाहून कुठल्या पोर्टलचं दुखणं कशात आहे हे ठरवणं योग्य नाही, म्हणून मी इथे कुणाचं नाव घेणार नाही. पण या कारणांतलं एक कारण आपल्या खात्यावरचं आहे. ते संगणकाच्या वर्गात तयार होतं. आपण मुलांना डेटाबेसचं कनेक्शन उघडायला शिकवतो. ते कुणी, केव्हा आणि कसं परत करायचं हे शिकवत नाही. त्याला मार्कही देत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते शिकवायला हवं, आणि पहिल्याच धड्यात शिकवायला हवं.

ज्यांचा संगणकाशी फारसा संबंध नाही अशा पालकांनाही हे समजावं, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

विहीर, दोर आणि पोहरा

आपण ज्या पानावर माहिती भरतो तो एक प्रोग्राम. माहिती जिथे साठते तो डेटाबेस, हा दुसरा प्रोग्राम. बहुतेक वेळा दोन्ही वेगळ्या यंत्रांवर असतात. पहिल्याला दुसऱ्याशी बोलायचं तर मध्ये एक जोडणी लागते. तिलाच आपण कनेक्शन म्हणतो.

आता एप्रिल-मे मधली आपल्याकडची विहीर डोळ्यासमोर आणा. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात टँकर येऊन विहिरीत पाणी ओततो. काठावर हंडे घेऊन रांग. विहिरीतलं पाणी म्हणजे माहिती. दोर आणि पोहरा म्हणजे कनेक्शन. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बाया म्हणजे आपण सगळे, पोर्टलवर एकाच वेळी आलेले.

प्रत्येक बाईने पाणी काढताना नवा दोर वळायचा, पोहरा बांधायचा, एक हंडा भरायचा आणि दोर फेकून द्यायचा, असं कुणी करेल का? दोर वळण्यातच दिवस जाईल. कनेक्शनचंही तसंच आहे. ते उघडताना दोन यंत्रांची आधी ओळख-पाळख होते, निरोप येतात-जातात, पासवर्ड तपासला जातो, बोलणं गुप्त राहावं म्हणून किल्ल्यांची देवाणघेवाण होते. पोस्टग्रेएसक्यूएल नावाचा जो डेटाबेस आहे, तो तर प्रत्येक कनेक्शनसाठी आपल्या यंत्रावर एक स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. एवढं सगळं करून पुष्कळदा विचारायचं काय असतं, तर एका मुलाचा जनरल रजिस्टर नंबर.

शिवाय विहिरीच्या काठावर दोर किती मावणार यालाही मर्यादा आहे. पोस्टग्रेएसक्यूएल बसवल्यावर काहीही बदल केला नाही तर एका वेळी १०० कनेक्शन चालतात, आणि त्यातलीही ३ व्यवस्थापकासाठी राखीव असतात. मायएसक्यूएलमध्ये हा आकडा १५१ आहे. त्यापुढच्याला डेटाबेस सरळ सांगतो की आधीच फार जण आलेत, तुम्हाला जागा नाही.

म्हणून शहाणी माणसं काय करतात? चार-सहा दोर कायम काठावर ठेवतात. जिची पाळी येईल तिने दोर घ्यायचा, हंडा भरायचा आणि दोर जागेवर ठेवायचा. संगणकात याला कनेक्शन पूल म्हणतात. हा नदीवरचा पूल नव्हे. एकत्र ठेवून सगळ्यांनी वापरायचा साठा, असा त्याचा अर्थ. प्रोग्राम सुरू होताना काही कनेक्शन उघडून ठेवली जातात. ज्याला लागेल तो त्यातलं एक मागून घेतो आणि काम झालं की परत करतो. पूल वापरताना 'बंद करा' या आज्ञेचा अर्थही बदलतो. कनेक्शन तुटत नाही, ते पुलात परत जातं.

दहा दोर पुरतात, परत आले तर

जावाच्या जगात हिकारी-सीपी नावाचा पूल फार वापरला जातो. त्यात काही न बदलता किती कनेक्शन मिळतात? फक्त १०. ऐकणाऱ्याला वाटतं, हजारो शाळा आणि १० कनेक्शन? हा आकडा चुकून छापला असेल.

हिशोब करून बघू. पाचवीच्या मुलालाही जमेल असा आहे. एका विनंतीला कनेक्शन २० मिलिसेकंद लागतं असं धरा. १ सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद. म्हणजे एका कनेक्शनवर सेकंदाला ५० विनंत्या होतील. १० कनेक्शनवर ५००. मिनिटाला ३०,०००. हा कागदावरचा हिशोब आहे, प्रत्यक्षात थोडं कमी-जास्त होईल, पण दहा दोर पुष्कळ पाणी काढतात हे खरं.

आता याच हिशोबात एकच बदल करा. विनंतीने कनेक्शन २० मिलिसेकंदांऐवजी २ सेकंद धरून ठेवलं. म्हणजे शंभर पट. मग १० कनेक्शनवर सेकंदाला फक्त ५ विनंत्या होतील. विहीर तीच, पाणी तेवढंच, दोरही तेवढेच. दोर हातात धरून गप्पा मारत उभं राहिल्याने काम शंभराव्या हिश्श्यावर आलं.

आणि दोर परतच केला नाही तर? समजा दर शंभर विनंत्यांमागे एक विनंती कनेक्शन परत करायला विसरते. पहिल्या शंभरात एक गेलं, दुसऱ्या शंभरात दुसरं. हजार विनंत्या होईपर्यंत दहाही गेली. यानंतर येणारा प्रत्येक जण रिकाम्या काठावर उभा राहतो. हिकारी-सीपीत ही वाट पाहण्याची मुदत ठरवून दिली नसेल तर ३० सेकंद असते; तोवर चक्र फिरतं आणि मग चुकीचा संदेश येतो. मग कुणीतरी प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करतो, दहाही कनेक्शन नवी मिळतात, सगळं छान चालायला लागतं. संध्याकाळपर्यंत पुन्हा तेच. 'सकाळी चालतं, दुपारी अडकतं, रिस्टार्ट केलं की बरं होतं' अशी लक्षणं दिसली तर आधी न परतलेल्या दोरांची मोजणी करावी.

गंमत म्हणजे ही चूक वर्गात कधीच दिसत नाही. आपल्या लॅबमध्ये एक मूल, एक संगणक, एक कनेक्शन. प्रोग्राम चालला, उत्तर आलं, सर म्हणाले 'शाब्बास'. प्रोग्राम संपला की सगळं आपोआप मिटतं. चूक आहे हे कळायला गर्दी लागते, आणि गर्दी परीक्षेच्या दिवशी लॅबमध्ये नसते. ती पुढे, ते मूल नोकरीला लागल्यावर, कुणाच्या तरी अर्जाच्या शेवटच्या तारखेला येते.

ऑब्जेक्ट शहाणे, घर मात्र विस्कटलेलं

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आज बहुतेक मोठे प्रोग्राम ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने लिहितात. म्हणजे कामं वाटून देतात. शाळेच्या प्रोग्राममध्ये 'विद्यार्थी' हा एक ऑब्जेक्ट, 'हजेरी' दुसरा, 'शिष्यवृत्ती' तिसरा. प्रत्येकाने आपलं काम आपण सांभाळायचं, दुसऱ्याच्या घरात डोकावायचं नाही. ही शिकवण चांगलीच आहे. पण कनेक्शन ही सगळ्यांची सामायिक वस्तू आहे, आणि सामायिक वस्तूला मालक कोण हा प्रश्न अशा वाटणीत हमखास सुटून जातो. तिथे मुलं तीन प्रकारे अडकतात.

पहिला प्रकार: प्रत्येक ऑब्जेक्ट जन्माला येतानाच, म्हणजे कन्स्ट्रक्टरमध्ये, स्वतःचं कनेक्शन उघडतो. चाळीस मुलांच्या वर्गाची यादी काढली की चाळीस 'विद्यार्थी' तयार होतात आणि त्यांच्यासोबत चाळीस दोर विहिरीत पडतात. मुलांना वाटतं, ऑब्जेक्ट नकोसा झाला की जावा तो आपोआप साफ करते, मग कनेक्शनही जाईलच. पण ती साफसफाई मेमरीसाठी असते आणि ती केव्हा होईल याचा नेम नसतो. तोवर काठावरची माणसं ताटकळतात.

दुसरा प्रकार: याच्या अगदी उलट. मुलांनी डिझाइन पॅटर्नचा धडा वाचलेला असतो. १९९४ साली चार लेखकांच्या पुस्तकातून प्रसिद्ध झालेल्या पॅटर्नांपैकी 'सिंगलटन' सगळ्यांना लगेच आवडतो, कारण तो सोपा आहे: साऱ्या प्रोग्रामभर एकच ऑब्जेक्ट. मग मुलं एकच कनेक्शन करतात आणि सगळ्यांना तेच वापरायला देतात. आता शंभर माणसं एका दोराला लोंबकळली. वेळ जातो तो जातोच, पण याहून वाईट म्हणजे माहितीची सरमिसळ होते. एका गुरुजींची नोंद अर्धवट असताना दुसऱ्या बाईंनी 'रद्द करा' म्हटलं, तर कनेक्शन एकच असल्याने गुरुजींचीही नोंद रद्द होते. दोघांनाही कळत नाही काय झालं. सिंगलटन वापरायचा तर पुलासाठी वापरावा. दोर ठेवायची जागा एक असावी, दोर एक नसावा.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा, कारण त्यात प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. 'प्रवेश' नावाचा ऑब्जेक्ट पुलातून कनेक्शन घेतो आणि काम करता करता 'दाखला' या ऑब्जेक्टला हाक मारतो. 'दाखला' शहाणा आहे, तोही नियमाने पुलातून स्वतःचं कनेक्शन मागतो आणि काम झाल्यावर परत करणार असतो. म्हणजे एका कामाला दोन कनेक्शन लागली. पुलात १० आहेत. एकाच क्षणी दहा प्रवेश सुरू झाले, दहांनी पहिलं कनेक्शन घेतलं आणि दहाही जण दुसऱ्याची वाट बघत बसले. कुणी हातातलं सोडत नाही, कुणाला नवं मिळत नाही. सगळं ठप्प. इथे पुलात ११ कनेक्शन असती तर निदान एकाचं काम पूर्ण झालं असतं, त्याने दोन्ही परत केली असती आणि गाडी पुढे सरकली असती. पण उद्या 'दाखला' आणखी कुणाला तरी हाक मारू लागला की हा आकडाही पुरणार नाही.

मग योग्य रीत कोणती?

रीत साधी आहे. काम जिथून सुरू होतं, त्या दाराशी उभा असलेल्या एकानेच कनेक्शन घ्यावं. आत जे ऑब्जेक्ट राबतात, त्यांच्या हातात तेच द्यावं. त्यांनी ते वापरावं, पण उघडू नये आणि बंदही करू नये. काम संपलं की ज्याने घेतलं त्यानेच परत करावं. घेणारा आणि परत करणारा एकच असला की 'मला वाटलं तो करेल' हे वाक्य उरत नाही.

यामुळे आणखी एक गोष्ट साधते. वीटभट्टीवर गेलेल्या मुलाचं नाव इथल्या शाळेच्या पटावरून काढायचं आणि तिकडच्या शाळेच्या पटावर घालायचं, ही दोन कामं असली तरी व्यवहार एकच आहे. दोन्ही व्हावीत, नाहीतर एकही होऊ नये. मध्येच वीज गेली आणि नाव इथून निघालं पण तिथे लागलं नाही, तर कागदावर ते मूल कुठल्याच शाळेत नाही. 'दोन्ही किंवा एकही नाही' ही हमी डेटाबेस देतो, पण दोन्ही कामं एकाच कनेक्शनवर, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये झाली तरच. दोन ऑब्जेक्टांनी आपापली कनेक्शन उघडली की ती हमी गेली. सांगायचा मुद्दा असा की ही केवळ वेगाची गोष्ट नाही, मूल पटावर दिसण्या-न दिसण्याची आहे.

दुसरी सवय: चूक झाली तरी परत करायचं. मुलं 'बंद करा' ही ओळ प्रोग्रामच्या अगदी शेवटी लिहितात. सगळं सुरळीत झालं तर तिथवर पोचतात. पण जन्मतारखेच्या रकान्यात कुणी 'माहीत नाही' असं भरलं, मध्येच चूक उद्भवली, की प्रोग्राम तिथूनच बाहेर उडी मारतो आणि शेवटची ओळ राहून जाते. दोर हातातच घेऊन माणूस घरी गेला! म्हणून भाषांनी सोय केली आहे. जावामध्ये २०११ साली सातव्या आवृत्तीत ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं: कंसात उघडलेली वस्तू, काम नीट होवो की मध्येच फसो, बाहेर पडताना बंद होतेच. पायथनमध्ये विथ आहे. पण इथे शिक्षकांसाठी एक धोक्याची सूचना. पायथनसोबत येणाऱ्या एसक्यूलाइट-थ्रीमध्ये कनेक्शनवर विथ वापरलं तर ट्रान्झॅक्शन पक्कं किंवा रद्द होतं, कनेक्शन मात्र उघडंच राहतं. ते वेगळं बंद करावं लागतं. फळ्यावर शिकवण्याआधी हे स्वतः करून बघा.

तिसरी सवय: हातात दोर घेऊन वाट पाहू नये. ओटीपीचंच उदाहरण घ्या. प्रोग्रामने कनेक्शन घेतलं, मुलाची नोंद उघडली, पालकाच्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आणि तो येईपर्यंत कनेक्शन धरून ठेवलं. आमच्याकडे फोनला रेंज मिळावी म्हणून माणूस टेकडीवर जातो! तो खाली येईपर्यंत कनेक्शन अडकलेलं. बरोबर रीत अशी की नोंद करा, कनेक्शन परत करा, मग वाट पाहा. ओटीपी आला की पुन्हा घ्या.

'पण सर...' म्हणणाऱ्यांसाठी

काही सहकारी म्हणतात, "आधी मुलांचा प्रोग्राम चालू तरी होऊ द्या. एवढं सगळं अकरावी-बारावीच्या पोरांच्या डोक्यावरून जाईल." राज्य मंडळाच्या माहिती तंत्रज्ञान विषयात अकरावीला डेटाबेसची ओळख होते, बारावीला पीएचपी येतं. पीएचपीचा साधा प्रोग्राम संपला की कनेक्शन आपोआप बंद होतं. म्हणून सवय लागत नाही, आणि पुढे जावा किंवा पायथनमध्ये, जिथे प्रोग्राम महिनोन् महिने चालूच असतो, तिथे तीच मुलं अडकतात. पहिलीच्या मुलाला पेन्सिल धरायला शिकवताना आपण 'नंतर सुधारू' म्हणत नाही. बोटांची सवय आधी, सुंदर अक्षर नंतर.

दुसरे म्हणतात, "आजकाल फ्रेमवर्क सगळं करतं." बरंचसं करतं, हे खरं. पण दोर धरून किती वेळ उभं राहायचं हे फ्रेमवर्क ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो. हिकारी-सीपीमध्ये न परतलेल्या कनेक्शनवर नजर ठेवायची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. कुणीतरी चालू करावी लागते. आणि असं काही असतं हे ज्याला कधी सांगितलंच नाही, तो चालू करणार कसा?

तिसरे म्हणतात, "मर्यादा वाढवा ना, १०० चे १००० करा." काठावर हजार माणसं एकदम वाकली म्हणून झरा जास्त पाझरत नाही, ढकलाढकली तेवढी वाढते. डेटाबेसच्या यंत्रातही एका क्षणी खरं काम करणारे प्रोसेसर मोजकेच असतात. बाकीची कनेक्शन एकमेकांच्या मध्ये येतात. आणि दोर गळतच असतील तर दहा काय नि हजार काय, संपण्याची वेळ थोडी लांबते इतकंच.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक गर्दीवर हा एकच उपाय नाही. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला तेव्हा निकालाची संकेतस्थळं कित्येक तास उघडत नव्हती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. निकालासारख्या कामात लाखो जण येतात आणि फक्त वाचतात, कुणी काही लिहीत नाही. तिथे दर वेळी विहिरीवर जायचंच कशाला? आदल्या रात्री टाक्या भरून ठेवाव्यात, म्हणजे निकालाची पानं आधीच तयार करून वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवावीत. पण अर्ज भरणं, पट बदलणं, हजेरी नोंदवणं यात लिहावं लागतं, आणि लिहायला विहिरीवरच जावं लागतं. तिथे दोराची शिस्त हवीच.

वर्गात काय करता येईल

एक खेळ सांगतो. संगणक नसला तरी चालेल, आश्रमशाळेच्या व्हरांड्यातही होईल. तीन खडू घ्या, बाहेर फळा ठेवा. वीस मुलांनी एकेक करून खडू घ्यायचा, फळ्यावर आपलं नाव लिहायचं, खडू डब्यात परत ठेवायचा. वेळ मोजा. दुसऱ्या फेरीत तीन मुलांच्या कानात सांगा की खडू खिशात टाकून जागेवर बसा. रांग कुठे थांबते ते सगळे बघतील. तिसऱ्या फेरीत प्रत्येकाला दोन खडू एकदम हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं सांगा आणि तिघांना एकाच वेळी सोडा. तिघेही एकेक खडू घेऊन एकमेकांकडे बघत उभे राहतील. वर सांगितलेला तिसरा प्रकार मुलांना जन्मभर विसरता येणार नाही.

संगणक असेल तर पुलाचा आकार ३ ठेवा आणि मुलांचा प्रोग्राम मध्ये बंद न करता त्यातलं काम लागोपाठ चार वेळा चालवा. चौथ्यांदा अडकला तर मूल काहीतरी परत करायला विसरलं आहे. मग मुद्दाम चुकीची माहिती भरून पुन्हा चार वेळा चालवा. पाच मिनिटांची चाचणी आहे. प्रात्यक्षिकाच्या २० मार्कांपैकी ५ तरी या चाचणीला ठेवावेत असं माझं मत आहे. मार्क असले की मुलं लक्ष देतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पालकांनो, तुमचं मूल संगणक शिकत असेल आणि 'प्रोग्राम चालला' असं आनंदाने सांगत असेल, तर कौतुक करा आणि एक प्रश्न विचारा: "घेतलेलं परत कुठे केलंस, दाखव बरं." तुम्हाला कोड वाचता येत नसलं तरी चालेल. त्या ओळीवर बोट ठेवता आलं नाही तर ते मूल स्वतःच शोधायला बसेल.

आणि जे शिक्षक प्रोग्राम लिहीत नाहीत, फक्त माहिती भरतात, त्यांनी तक्रार करताना नुसतं 'चालत नाही' असं लिहू नये. किती वाजता अडकलं, मुख्य पान उघडलं का, लॉगिन झालं का, 'सेव्ह' दाबल्यावर किती सेकंदांनी संदेश आला आणि त्या संदेशात काय लिहिलं होतं, एवढं टिपून पाठवावं. मुख्य पान झटकन उघडतं पण माहिती मागितली की दर वेळी बरोबर ३० सेकंदांनीच नकार येतो, असं दिसलं तर आत कुणीतरी दोराची वाट बघत उभं असण्याची शक्यता बरीच असते. दुरुस्त करणाऱ्याला ही एक ओळ दिवसभराचं शोधकाम वाचवू शकते.

आपल्या वर्गात आज बसलेल्या पोरांपैकीच कुणी उद्या असं पोर्टल लिहिणार आहे. त्याच्या पलीकडे, वीटभट्टीची गाडी सुटायच्या आधी, कुणाचा तरी बाप अर्ज भरायला उभा असेल. तेव्हा येत्या प्रात्यक्षिकाच्या गुणतक्त्यात एक रकाना वाढवा: 'घेतलेलं कनेक्शन परत केलं का?' सुरुवातीला एवढं पुरे आहे.